समुद्राकडची भिंत आणि आमचं बंद पडलेलं बोलणं

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या मर्लचा नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हात तुझे गुडघे कुरकुरायचे थांबले असतील अशी आशा आहे. इथे उत्तरेला मेनमध्ये मार्च आहे, म्हणजे बर्फ आहे. थेल्मा बरी आहे, पण नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलत नाही. त्याचीच हकिगत कळवतो.

घराची समुद्राकडची भिंत यंदा नव्यानं झाकायला हवी. बाबा सीडरच्या शिंगल लावायचे (त्याच लाकडी पट्ट्या, ज्या ठोकताना तू माझ्या अंगठ्यावर हातोडा घातला होतास) आणि मीही तेच करत आलो. थेल्माला हवंय व्हिनिल, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्या. एकदा बसवलं की खिळे नकोत, शिडी नको. आता व्हिनिलचं घर म्हणजे कवळी बसवलेलं तोंड, असं मी तीस वर्षं धक्क्यावर बसून (मोठ्यानं) सांगत आलोय. माझी अडचण तुला कळेलच.

फेब्रुवारीत तिनं एक व्हिनिलवाला बोलावला. पोरगा गोड बोलणारा. नमुन्याची पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका, हिला काय वाटेल ते करा." मी आज्ञाधारक माणूस, हातोडा आणला. पट्टी रात्रभर त्याच्या ट्रकमध्ये गारठलेली, एका ठोक्यात तिचे तुकडे झाले. "थंडीत होतं असं," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग काळजी नाही, आमच्याकडे थंडी सातच महिने असते." तुकडे झाडता झाडता थेल्मा म्हणाली, "आपल्या भिंतीवर हातोडा मारायला कोण येणार आहे? तूच ना?"

तरी विजयाच्या भरात मी शिडी लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीवरची एकच पट्टी बदलायची होती. खाली बर्फ होता हे मला ठाऊक होतं, शिडीला नव्हतं. मी शेवंडं पकडायच्या माझ्याच पिंजऱ्यांच्या ढिगात पडलो आणि पाय एका पिंजऱ्यात अडकला (आत गेलेलं शेवंड बाहेर का येत नाही, ते पन्नास वर्षांनी समजलं). थेल्मानं जाळं कापून मला सोडवलं. मग एवढंच म्हणाली, "शिंगल लाव खुशाल. मी लेकीकडे राहायला जाते. तुला पडताना बघायला मला इथे थांबायचं नाही." महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. पण बाबांची भिंत ती बाबांची भिंत. मी हटणार नाही.

तुझा भाऊ,
मर्ल

ता. क. : पाय नुसता अडकला नव्हता, घोट्यात मोडलाय.

ता. क. २ : ताई, घराच्या कागदावर तुझंही नाव आहे. मला एक खरमरीत पत्र लिही की व्हिनिलच लाव, नाहीतर याद राख. मी ते न्याहारीला मोठ्यानं वाचीन, दोन दिवस तुला शिव्या घालीन आणि मान तुकवीन. जाळं कापताना थेल्मा रडत होती गं. ती गेली तर मी या घरात राहू शकणार नाही. रंग राखाडी लिही, लांबून लाकूड वाटेल. आणि तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

ता. क. ३ : व्हर्नाताई, मी थेल्मा. त्याचा पाय मोडलाय, तेव्हा पोस्टात मीच जाते आणि पाकीटही मीच चिकटवते. मी रडत नव्हते, वारं होतं. पत्र चांगलं कडक लिहा. रंग मात्र पांढरा.