पूल पायी ओलांडून येईल त्याला घर

मी, खाडीवरचा नवा पूल बांधणाऱ्या अलीकडच्या टोळीचा जुना मुकादम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासले आहे. राग आहे, पण राग हा आजार नव्हे, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. माझ्या पाने-पकडी आणि साखळ्या टोळीतल्या क्रेनवाल्याला. बँकेतली शिल्लक मुलीला. तिने त्यातून काकाला चहासुद्धा पाजू नये.

२. आईने मला दिलेल्या या घरावर धाकट्या भावाचा डोळा आहे. तो खाडीपलीकडे राहतो. पूल दोन्ही काठांकडून तारांवर तोलत पुढे येत होता, तेव्हा पलीकडची टोळी त्याची होती. मधल्या फटीवर फळी पडली की आधी कोण ओलांडणार, याची चुरस होती. भाऊ धावत अलीकडे आला. फोटो निघाला. त्याचा टेंभा तो अजून मिरवतो.

फोटोनंतरचे कोणाला ठाऊक नाही. त्याने खाली पाणी पाहिले आणि पायच गळाले. सगळे जेवायला उतरल्यावर म्हणाला, "दादा, कुणाला सांगू नकोस." डोळे मिटून, माझा खांदा धरून परत गेला. तेव्हापासून त्याने पुलावर पाऊल ठेवलेले नाही. गाडीनेसुद्धा लांबच्या जुन्या पुलावरून वळसा घालून येतो. भाऊ म्हणून मी मूग गिळून बसलो.

३. आईचे शेवटचे चालले होते तेव्हा मी त्याला फोन केला. "निघालोच," म्हणाला. खिडकीतून नवा पूल दिसत होता. आई विचारत होती, "येतोय ना रे तो?" वळसा घालून तो पोचला तोवर ती गेली होती. जमलेल्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "दादाने मला उशिरा कळवलं." हे मी विसरलो नाही. माफ तर मुळीच केलेले नाही.

४. म्हणून माझ्यानंतर महिन्याभरात भावाने दिवसाउजेडी, पायी, नवा पूल ओलांडून इथे यावे. घर त्याचे. न आल्यास आईची सेवा करणाऱ्या शेजारीणबाईंचे. हे कलम त्याच्या घरी, सुना-नातवंडांसमोर मोठ्याने वाचावे.

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, ते कधीच यायचे नाहीत."

"ठाऊक आहे," मी म्हटले, "लिहा."

५. सोबत कोणी चालल्यास अट मोडली. मुलगी हळवी आहे, तिलाही मनाई. त्याला परत नेणारा आता कोणी नाही, हे त्याला पुलाच्या मधोमध कळावे.

वाचून, समजून सही केली.

सही: मोठा भाऊ
साक्षीदार: टोलनाक्यावरची बाई, कोपऱ्यावरचा न्हावी
ठिकाण: आईची खोली
दिनांक: ९ मार्च