दारावर आदळून पाह्यलं

दादा,

मी चंदावहिनीले घेऊन पहिल्या एसटीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात चालली. वरणभात झाकून ठेवला आहे.

डॉक्टरबाईनं वहिनीच्या दंडावरच्या डागाचं विचारलं की तूच सांगतो, "डोक्याच्या गोळ्यांनं चक्कर येते, दारावर आदळते." मले नवल वाटलं, म्हणून काल मी त्याच दारावर दोन-तीनदा आदळून पाह्यलं. कपाळाले टेंगूळ आलं, पण दंडावर चार बोटं काही उमटली नाई. दाराले मागून-पुढून पाह्यलं, त्याले हातच नाई.

तू बाजूले बसला की वहिनी मुकी होते. आज तिच्या बाजूले मी बसन. ती काय सांगते, हे मलेबी ऐकाचं आहे. मग घरी यायचं का माहेरी जायचं, तेबी तीच सांगन.

— नीलिमा