हात न जाणाऱ्या बांगड्या

आई, सांगतेय मी, पण लिहितेय माझी नात. मला अक्षर येत नाही हे तुला माहीतच आहे, तूच कुठं शाळेत घातलंस. आणि जिची तक्रार करायची तीच पेन घेऊन बसलीय, म्हणजे चोराच्याच हातानं फिर्याद लिहून घ्यायची. आजी बोलेल ते सगळं उतरवीन, काही गाळणार नाही, असं तिनं कबूल केलंय. बघू.

तर ही तुझी पणती काचेचं काम करते. ऐकून तुला आधी बरंच वाटेल. मलाही वाटलं होतं. लग्नानंतर मी भाजीच्या धंद्याला लागले, लेकानं नोकरी धरली, आणि आता कासारणीच्या वंशात पुन्हा काच आली म्हणून मी शेजारीपाजारी पेढे वाटले. आधी ती बक्षिसांच्या काचेच्या ढाली बनवणाऱ्या कारखान्यात होती. पगार चांगला होता, तो सोडला. आता सिन्नरच्या कारखान्यांच्या वसाहतीत पत्र्याची शेड घेतलीय. निफाडकडून वाइनच्या रिकाम्या बाटल्या पोत्यांनी आणते, धुते, फोडते, विजेच्या भट्टीत वितळवते आणि त्याच्या बांगड्या करते. इथवर ठीक. पण त्या बांगड्यांत हात जात नाही. चुकून नाही, मुद्दाम. एक चिमटलेली, एक मध्येच फुगलेली, दोन एकमेकींत अडकलेल्या, एक तर भाकरीसारखी भरीव. भट्टी हळूहळू निवू द्यावी लागते, घाईनं उघडली तर काच तडकते म्हणे. म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत नुसती वाट बघायची, आणि बाहेर निघतं ते हे.

मागे नाशकात तिचं प्रदर्शन होतं. मला चांगली साडी नेसवून नेलं. पांढऱ्या खोलीत दोऱ्यांना बांगड्या टांगलेल्या, आणि लोक हात मागे बांधून फिरतायत, दहाव्याला आल्यासारखे गप्प. एका बाईनं विचारलं, "या घालता येत नाहीत अशा का केल्या?" नात म्हणाली, "वापरातली वस्तू माणूस बघतच नाही. हात अडला की मग बघतो. मला लोकांना काच बघायला लावायचीय." बाईनं मान डोलावली. मी म्हटलं, "खरं आहे गं. मलाही घरात कुणी बघितलं नाही. सारखी वापरातच होते." सगळे हसले. ही हसली नाही. आत्ता लिहितानाही हसत नाहीये.

तू तर बांगडीकडं कधी बघायचीच नाहीस. निफाडच्या बाजारात तू पोतं अंथरून बसलीयस, पुढं बांगड्यांच्या माळा मांडल्यात. बाई येऊन टेकते, तू तिचा हात हातात घेतेस, बोटं जुळवून दाबतेस आणि विचारतेस, माहेर कुठलं, भाऊ न्यायला येतो का. ती सांगायला लागते, हात ढिला पडतो, बांगडी केव्हाच मनगटावर. भरताना फुटली तर नुकसान आपलं, गिऱ्हाइकाचं नाही. मी पहिल्यांदा भरायला बसले आणि एका नव्या नवरीच्या हातावर लागोपाठ दोन फोडल्या, तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारलीस. "बांगडीकडं काय बघतीस, बाईकडं बघ." हे मी नातीला सांगितलं, तर म्हणाली, "आजी, किती भारी आहे हे, लिहूनच ठेवते." लिहून ठेवलं. त्याउपर काही केलं नाही.

मी तिच्या मागे लागलेय, एक तरी बांगडी कर जी घालता येईल. म्हणते, "आजी, त्या बाजारात डझनानं मिळतात. मी माप घ्यायला लागले की दुकानदार झाले."

"झालीस तर काय बिघडलं? तुझी पणजी दुकानदारच होती."

"पणजीला जे पटलं ते तिनं केलं. मला पटतं ते मला करू दे की."

हे ऐकलं की माझी जास्तच चिडचिड होते. कारण तूही तशीच होतीस, पटलं तेच करणारी. ती किराणावाल्याची सून आठवते का? नवरा गेल्यावर लेकीला घेऊन आली होती. लेकीचा हात भरून झाला तरी उठेना, माळांकडं बघत बसली. तू तिला चहा पाजलास, पाठीवरून हात फिरवलास. बांगडी दिली नाहीस. पुढं माझ्यावर तीच वेळ आली. बायका फोडायला टपल्या होत्या, तर तू सगळ्यांना बाजूला सारलंस, साबणाच्या पाण्यात माझा हात बुडवलास आणि एकेक बांगडी सबंध उतरवलीस. माया केलीस गं. पण उतरवल्यासच ना.

आता कुणी कुणाला काही म्हणत नाही. शेजारची बाई नवरा गेल्यावरही हिरव्या काचा घालून फिरते, छान दिसते. मीही गेले होते दुकानात, लेकीला हव्यात असं सांगून. दुकानदारानं माप विचारलं आणि डबा पुढं सरकवला. हात भरून देत नाहीत आता. घरी येऊन दार लावून घालून बघितल्या. बोटांच्या सांध्यांच्या गाठी झाल्यात आणि मनगट वाळून काडी. जी गाठींवरून जाते ती हात खाली केला की गळून पडते. बाकीच्या चढवताना फुटल्या. तुझी लेक, आणि स्वतःचा हात भरता येईना. माझ्या हाताची बांगडी आता कुणीतरी करूनच द्यायला हवी.

हे मी नातीला कधी सांगितलं नाही. उपयोगाचं काहीतरी कर, एवढंच डाफरत राहिले. या वयात काचेची हौस, बोलायची लाज वाटली. आत्ताही सांगितलं ते तुला. ती नुसती लिहितेय.

पेन थांबलंय तिचं. "आजी, हात बघू," म्हणते. मी हात पदराखाली घेतलाय. आधी पुरं लिही, म्हटलं. करीन म्हणालेली नाही अजून. माझ्यापायी तिनं आपलं तत्त्व मोडावं असं मलाही वाटत नाही, आणि नाही मोडलं तर मी तिच्याशी बोलणार नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाहीच. तू असतीस ना आई, तर एवढं बोलायची माझी छाती झाली नसती.