हवेत कसलेला बोल्ट

अण्णा, चिडून लिहितोय, हे आधीच सांगतो. एका पिकअपनं या पावसाळ्यात माझ्या डोक्याचा भुगा केला, आणि त्यात तुमचा काडीचा संबंध नसताना रोज संध्याकाळी गॅरेजचं शटर ओढताना मी तुमच्याशीच भांडत होतो. तुम्ही गेलात तेव्हा असल्या गाड्या विश्रांतवाडीच्या रस्त्यावर नव्हत्याच. पिकअप म्हणजे भाजीचा किंवा सिमेंटचा टेम्पो, एवढंच आपल्याला ठाऊक. आता लोक लाखमोलाची नवी पिकअप घेतात, पुढच्या स्प्रिंगांवर लोखंडी चकत्या घालून ती चार बोटं उंच करून घेतात, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवतात आणि मग आपल्याकडे येऊन निरागस चेहऱ्यानं विचारतात, पुढून आवाज का येतो हो? तुम्ही असतात तर त्यांना खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं असतंत आणि पुन्हा कामाला लागला असतात. मला तसं जमत नाही, मी प्रत्येकाला चहा विचारतो.

पण ही पिकअप तशा हौशी माणसाची नव्हती. शनिवार पेठेतले ते वकील तुम्हाला आठवतील, बॉनेट उघडलं की तुमच्या आधी स्वतः आत वाकणारे. त्यांच्या मुलीची ही गाडी. बाई आता साठीला आल्यात. वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात त्यांनी जमीन घेतलीय, तिथं जाताना ओढा लागतो आणि ओढ्याच्या पुढं रस्ता असा नाहीच, म्हणून गाडी उंच केलेली. पेठेतली तुमची बाकीची गिऱ्हाईकं एकेक करून गेली. कुणी वारलं, कुणी गाडी विकली, बरेचसे कंपनीच्या वर्कशॉपात जाऊ लागले, तिथं म्हणे गार हवेत बसायला सोफा असतो. तुमच्या नावाखातर अख्खं शहर ओलांडून येणाऱ्या या एकट्याच उरल्यात. त्याही गेल्या तर पाटीवरचं तुमचं नाव म्हणजे नुसतं रंगकाम, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून ही गाडी मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा गतिरोधकावर खट् वाजत होतं आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. चाक हलवून बघितलं, खालचा बॉल जॉइंट ढिला. बदलला. महिन्याभरात पुन्हा आवाज. मग चाक धरून ठेवणारा खालचा आर्म उतरवला, तर आर्म चेसिसला जिथं जोडतात तिथलं बुशचं रबर फाटलेलं. दोन्ही बाजूंचे बुश नवे घातले, अलाइनमेंट करून दिली, बाईंना स्वतः बसवून चक्कर मारून आणली. गाडी लोण्यासारखी. आणि पावसाला जोर चढला तशा त्या तिसऱ्यांदा दारात उभ्या. खोलून बघतो तर नवंकोरं रबर जुन्यापेक्षा वाईट फाटलेलं. मी आधी पार्टवाल्याला फोन करून झापलं. त्यानं मला उलट झापलं. मग राग काढायला गाडीची उंची उरली होती, तर बाईंना म्हटलं, या चकत्या काढून टाका, गाडी होती तशी करा, सगळा रोग त्यातच आहे.

बाईंनी पदर खोचल्यासारखी पर्स काखेत घेतली आणि म्हणाल्या, "अहो, मग ओढा मी तुमच्या खांद्यावर बसून ओलांडायचा का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. जाता जाता, अगदी सहज आवाजात, म्हणाल्या, "तुमच्या वडिलांकडे आमची गाडी एका कामाला एकदाच यायची." मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. गाडी माझ्याकडे ठेवून त्या रिक्षात बसल्या, ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि मनात काय येत होतं सांगू? बाईंचा राग नाही आला. तुमचा आला.

कारण तुम्ही मला शिकवलंत काय? तुम्ही खड्ड्यात, मी वर. खड्ड्यावर गाडी उभी करून तुम्ही खालून काम करायचात, आणि मला दिसायचं काय, तर मडगार्ड आणि खालून वर येणारा तुमचा तळवा. तेरा. सतरा. एकोणीस. त्या तळव्यावर मी पाना ठेवायचो. पंचविशीचा घोडा झालो तरी आपलं बोलणं पान्यांच्या आकड्यांच्या पलीकडे गेलं नाही. आर्मचं काम संपत आलं की तुम्ही खालून ओरडायचात, "दाब." मी पुढचा बंपर दोनदा दाबायचो, गाडी वरखाली व्हायची, मग खालून पाना आवळल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, शॉकॲब्सॉर्बर तपासतायत. कशाला दाबायचं, हे मी एकदा विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "दाबलंस ना? झालं तर मग." घरी आल्यावर हात धुऊन तुम्ही पाटावर बसायचात, आईकडून भाकरी घ्यायचात, आणि तिथंही मीठ मागायला एक बोट पुरायचं तुम्हाला. आई म्हणायची, यांचे शब्द मोजून आणलेत. मला तेव्हा ते थोरपण वाटायचं. आता कंजूषपणा वाटतो, रागवा हवं तर.

तुमच्या मागे मी खड्डा बुजवला आणि दोन खांबांची लिफ्ट बसवली. त्याचं मला वाईट वाटत नाही. पावसाळ्यात त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचायचं, त्याच ओलीनं तुमची छाती भरली. लिफ्टवर गाडी डोक्याच्या वर जाते, चाकं मोकळी लोंबकळतात, उभ्यानं सगळं खोलायचं, उभ्यानं सगळं कसायचं, गाडी खाली घ्यायची आणि चावी द्यायची. मी इतकी वर्षं असंच करत आलो.

परवा दुपारी पुन्हा आर्म उतरवायला घेतला आणि वीज गेली. लिफ्ट अजून खालीच, गाडी जमिनीवर. वैतागून पोतं अंथरलं आणि तसाच पाठीवर सरपटत खाली शिरलो. उंच गाडीचा तेवढा एक फायदा, खालून माणूस मावतो. आर्मच्या बोल्टाला पाना लावून ढिला केला, तर कट्ट असा आवाज होऊन बुशच्या रबरातली लोखंडी नळी माझ्या बोटांखाली आपसूक फिरली. पिळलेलं फडकं सोडल्यावर उलगडतं तशी. मी बोटं तिथंच ठेवून पडून राहिलो. अण्णा, चाकं हवेत लोंबत असताना मी बोल्ट आवळत होतो. रबर त्याच जागी पकडलं जायचं. गाडी जमिनीवर टेकली, आर्म वर आला की ते पिळलं जायचं आणि उभ्या उभ्याही पिळलेलंच राहायचं. त्यात हे जड टायर आणि तो ओढा. फाटेल नाही तर काय! लहान गाड्या सोसत होत्या, त्यांचं रबर पुष्कळ दिवसांनी जायचं, तोवर गिऱ्हाईक विसरायचं, मीही विसरायचो. या धुडानं सोसलं नाही एवढंच.

आणि तुमचं ते "दाब" तेव्हा कळलं. खड्ड्यावर चाकं जमिनीवरच असतात. बोल्ट हातानं लावायचे, गाडी दाबून तिची खरी बैठक येऊ द्यायची, आणि मग आवळायचं. दोन वाक्यांची गोष्ट. दोन वाक्यं तुमच्यानं बोलवली नाहीत? की तुम्हालाही कधी बोलायची गरज पडली नाही, कारण खड्डा दुसरं काही करूच देत नव्हता? ते विचारायला आता कुणी नाही, आणि माझं डोकं फिरतं ते यानंच. पोत्यावर पडल्या पडल्या मी तुम्हाला एक शिवी दिली, अगदी मनापासून, आणि मग बराच वेळ डोळे पुसत होतो. हात ऑइलचे होते, व्हायचं तेच झालं.

नवे बुश घातले. बोल्ट नुसते लावून गाडी खाली घेतली, बंपर दाबला, पुन्हा आत शिरून आवळले. काल बाई आल्या. आळंदी रस्त्यावर जितके गतिरोधक सापडले तितक्यांवरून त्यांनीच गाडी नेली, काच खाली करून, कान बाहेर देऊन. काहीही वाजलं नाही. ओढ्यापलीकडे किती टिकतंय ते दिवाळीपर्यंत कळेल, पण मला खात्री आहे. काय चुकत होतं ते मी सगळं सांगितलं, माझं चुकत होतं हेही सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "मग आता कुणी शिकवलं?"

हा कागद मी कुठं ठेवणार नाही, उद्या हात पुसायला जाईल, म्हणून लिहून टाकतो. मी म्हणालो, "अण्णांनी. जवळ बसवून समजावलं होतं, माझ्याच ध्यानातून गेलं." बाई म्हणाल्या, "तरीच." त्यांचा चेहरा एकदम निवळला, वडिलांची काहीतरी आठवण सांगायला लागल्या. तुम्ही मला कधी जवळ बसवलं नाहीत, अण्णा. पण बोलून इतकं बरं वाटलं की दुरुस्त करायचं राहूनच गेलं.