पाच खड्यांचा एक

१४ डिसेंबर १९६४, बुलढाणा
नववीला आज पंचमान पद्धत. दहांऐवजी पाचांचे गट. २१४ ही संख्या फळ्यावर १३२४ अशी मांडली : एक सव्वाशे, तीन पंचवीस, दोन पाच, चार सुटे. अंकांची बेरीज दहा. तिला चाराने भागता बाकी दोन. २१४ ला भागले तरी बाकी दोनच. मुले चकित. मी खडू धरून तसाच उभा. २१४ हाच आकडा का सुचला, ते तेव्हा उमगले. थोरल्या बहिणीचे, अक्काचे खडे.

१५ डिसेंबर
आमच्या गोठ्यातल्या दगडावर चार खळगे होते. कडब्याची पेंढी आत आली की अक्का पहिल्यात खडा टाकी. कुठल्याही खळग्यात पाच झाले की ते उचलून पुढच्यात एक. कडबा बाबा आणि तीन काका यांच्या चार गोठ्यांत वाटायचा. अखेरीस ती सारे खडे ओंजळीत घेई, चार-चार बाजूला काढी आणि किती पेंढ्या उरतील ते सांगे. त्या दिवशी पेंढ्या २१४. "दोन उरतीन," म्हणाली. मी पाटीवर भागाकार केला. दोन.
आम्ही तिसरीत, एकाच वर्गात. ती दोन वर्षांनी मोठी. तिची शाळा पुढे चालू ठेवावी का, या विचारात बाबांनी मला विचारले, "हिले खरंच समजते का रे?"
मी म्हणालो, योगायोग आहे.
सोमवारी शाळेत एकटाच गेलो.

१७ डिसेंबर
कारण इतके सरळ, की लाज वाटते. पाच उचलून एक ठेवला, की खडे चाराने कमी होतात. चार गेल्याने चारांच्या वाटणीतली बाकी बदलत नाही. म्हणून खड्यांची बाकी तीच कडब्याची. किती देखणे!
रविवारी जाऊन अक्काला सांगायचे. आणि तेही…

२० डिसेंबर, रविवार
एस. टी.ने नांदुरा, पुढे अक्काच्या गावी, वडनेर भोलजीला. अक्का वांग्यांच्या वाफ्यात. मी बांधावर बसून समजावू लागलो, फळ्यापुढे उभा असल्यासारखा. निम्म्यावर तिने थांबवले.
"मले काय शिकवून राह्यला, बापू? चार गेले तं वाटणीत फरक पडत नाही. म्हणून तं टाकत होती खडे."
मग त्या दिवशी बोलली का नाहीस?
"मले कोणं इचारलं? इचारलं ते तुले."
माफीचे वाक्य जुळवून नेले होते. पुरे झाले नाही. तिने पिशवीत वांगी भरली.
निघताना म्हणाली, आता तिच्या तीन मुलांचे तीन गोठे; पण तिनाची बाकी खड्यांनी कशी काढावी, ते इतक्या वर्षांत सुटले नाही. मला तत्क्षणी दिसले. तोंड उघडले.
"सांगू नको. या खेपेले तू गप राह्य."

५ जानेवारी १९६५
अक्काचे कार्ड. अक्षराचे वळण तिसरीतलेच.
'पैल्या खळग्यातले जमा, दुसऱ्यातले वजा, तिसऱ्यातले जमा, चौथ्यातले वजा. तीनदा करून पाह्यलं. २१४ ले एक उरते. योगायोग हाय का, बापू?'
चार वजा दोन, अधिक तीन, वजा एक : चार. तिनाने भागता बाकी एक. बरोबर. आकडाही तिच्या लक्षात आहे.
शाळेतून येताना कोरे कार्ड आणले. 'ती. अक्कास' लिहिले. खाली 'नाही' एवढे लिहिले.
कार्डावर अजून बरीच जागा आहे.