संत्र्याच्या सालीची कॅप्सूल

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बरणी मिळाली, त्याला महिना झाला. कॅप्सूल जॅमच्या बरणीत भरून पाठवणारा दुकानदार जगात तू एकटाच असशील! पण वजन उतरतंय हे खरं. बेकरीतला एप्रन चांगलाच सैल झालाय, आणि भट्टीवाले काका मला आता फुगलेला पाव म्हणत नाहीत. आत कडू संत्र्याच्या सालीचा अर्क आहे असं तू म्हणालास, म्हणून डोळे झाकून घेते. केकसाठी ती साल मी रोज साखरेत पाकवते, येताजाता तोंडातही टाकते. तिला काय घाबरायचं?

फक्त छाती धडधडते. पीठ मळताना हात थरथरतात, झोप तर उडालीच आहे. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, हे तुला ठाऊक आहेच. दोन्ही एकत्र चालतं ना, तेवढं कळव. वहिनीला नमस्कार. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू पहिल्यापासूनच घाबरट! अगं, झाडावर येणारी वस्तू आहे ती, कारखान्यातलं रसायन नव्हे. चरबी वितळताना अंग धडधडतंच, ते गुण आल्याचं लक्षण. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबरोबर चालतं. उलट सकाळी एकाऐवजी दोन घे, वर तुझी ती काळी कॉफी प्यायलीस तरी हरकत नाही. डॉक्टरकडे मात्र ऊठसूट धावू नकोस.

व्यायामशाळा ठीक चालली आहे, दुकानही. तुझा एप्रनमधला एक फोटो पाठव, बघून बरं वाटेल. जिवाला जप.

तुझी काळजी वाहणारा,
दादा


२ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी सांगते, मी आता बरी आहे. गेल्या आठवड्यात भट्टीसमोर ट्रे घेऊन उभी होते, ती तशीच खाली बसले. नाडी पळत सुटली होती. इस्पितळात ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या सालीत सिनेफ्रिन नावाचं उत्तेजक असतं. केकमधल्या सालीत ते जेमतेम. कॅप्सूलमध्ये आटवलेला अर्क, त्यात बहुतेक वरून घातलेलं कॅफिन, आणि त्यावर माझी कॉफी. ब्लडप्रेशर असलेल्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं धरून मी आपली खुशाल दोन-दोन घेत होते.

दादाला बोल लावू नका. त्या बिचाऱ्याला हे ठाऊक कुठून असणार? कळलं तर तो अन्न सोडेल, म्हणून तुम्हीच बेताबेताने सांगा. बरणीवर काहीच लिहिलेलं नाही आणि डॉक्टरीणबाईंना कॅप्सूलच्या मूळ खोक्यावरचा मजकूर हवा आहे, तेवढा उतरवून पाठवा. असाच जीव लावत राहा.

तुमची,
धाकटी


९ मार्च

प्रिय वन्संना,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. मजकूर सोबत पाठवला आहे. पण तेवढ्यावर गप्प बसणं मला जमेना.

हिवाळ्यात माझंही ब्लडप्रेशर वाढलं. तुमची बरणी जायच्या आधीची गोष्ट. वजन उतरावं म्हणून मी तीच कॅप्सूल मागितली, तर ह्यांनी खोकं माझ्या नाकासमोर धरून लाल अक्षरांतली ओळ मोठ्याने वाचून दाखवली: रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास घेऊ नये. वर दम भरला आणि खोकं कपाटात घालून कुलूप लावलं. पुढे माझ्याच स्वयंपाकघरात बसून तुमची बरणी भरली. खोकंच का नाही पाठवत, असं मी विचारलं. म्हणाले, वाटेत चेपतं. काचेची बरणी पाठवणारा माणूस हे सांगत होता, आणि मी ऐकून घेतलं. तुमच्यासाठी वेगळी कॅप्सूल असेल, अशी मनाची समजूत घातली.

तुम्ही पाठवलेला सैल एप्रनमधला फोटो मोठा करून व्यायामशाळेच्या दारात लावला आहे. तो बघून बायका कॅप्सूल नेतात. तुमच्या आजारपणाचं सांगितल्यावर हे ढसाढसा रडले. आता तो फोटो तरी काढा म्हटलं, तर डोळे पुसत म्हणाले, महिना संपू दे.

रागावलात तरी मला तोडू नका.

तुमची,
वहिनी


१५ मार्च

दादा,

नमस्काराचे शब्द आज लिहवत नाहीत.

वहिनीला तू ती कॅप्सूल घेऊ दिली नाहीस, ते चांगलं केलंस. म्हणजे ती ओळ तू वाचली होतीस आणि तुला ती कळलीही होती. मी तर सरळ विचारलं होतं, आणि तू चालतं म्हणून कळवलंस. डॉक्टरीणबाईंशी मी तुझी बाजू घेऊन भांडले. आता त्यांच्या नजरेला नजर देववत नाही. तू मला फसवलंस, दादा. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

तू ढसाढसा रडलास, असं वहिनीने लिहिलंय. माझा त्यावर विश्वास आहे. मी मेले असते तरी तू असाच रडला असतास, अगदी मनापासून, आणि महिना संपेपर्यंत फोटो तसाच ठेवला असतास.

धाकटी