माझ्या जठराबाबत घ्यावयाचा निर्णय

४ मार्च

वस्तुस्थिती प्रथम, आणि ती क्रमाने.

एक. माझे वजन एकशे अडतीस किलो आहे. काटा रुग्णालयाचा होता. त्याचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले, या माझ्या प्रश्नावर परिचारिकेने "सर, खाली उतरा" एवढेच उत्तर दिले.

दोन. झोपेत माझा श्वास थांबतो. तासाला किती वेळा, ते अहवालात छापले आहे. मी ते एकदा वाचले आणि कागद पालथा ठेवला.

तीन. हृदयरोगतज्ज्ञांच्या मते हृदय थकले आहे. वजन उतरले नाही, तर पुढच्या दोन वर्षांची हमी ते देत नाहीत. हमी हा शब्द त्यांचा.

चार. पथ्याचे सर्व प्रयोग झाले. निष्कर्ष नकारात्मक. दोष प्रयोगांच्या रचनेत होता, प्रयोगवस्तूत नव्हे.

पाच. सबब, शस्त्रक्रिया. पर्याय तीन. स्लीव्ह: जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून टाकायचा, उरते ती नळी. बायपास: जठराच्या वरच्या टोकाची लहान पिशवी करून आतडे थेट तिला आणून जोडायचे. बलून: कापाकापी नाही, तोंडावाटे फुगा आत सोडून पाण्याने भरायचा आणि सहा महिन्यांनी काढून घ्यायचा.

सहा. मी घाबरलेलो नाही. हे नोंदवण्याचे कारण एवढेच, की ही सकाळपासून दोनदा "अहो, घाबरू नका" असे म्हणाली.

७ मार्च

सर्जनची भेट. वयाने माझ्याहून बराच लहान, बोलणे भरभर, हात सतत हवेत. औषधांच्या चिठ्ठीच्या मागे बॉलपेनने जठर काढून दाखवले. प्रमाण चुकलेले होते. मी त्यांच्याकडून पेन घेऊन आकृती सुधारली. ते म्हणाले, वा सर, आता तुम्हीच करून टाका. ही हसली. मी हसलो नाही.

त्यांची शिफारस बायपासची: मधुमेह आहे, छातीत जळजळ आहे, गोडाची आवड आहे. हा तिसरा मुद्दा त्यांना कोणी पुरवला, याची चौकशी करणार आहे.

११ मार्च

तौलनिक तक्ता पूर्ण. निकष बारा, प्रत्येकाला भार. परिणामकारकता, सुरक्षितता, पूर्ववत करता येण्याची शक्यता, इत्यादी. निकाल: बलून ७१, स्लीव्ह ५८, बायपास ५७.

सर्जनना फोन केला. बलून तुमच्या वजनाला पुरणार नाही सर, फुगा निघाला की वजन परत, आणि तुमच्या हृदयाला एवढी थट्टा परवडणार नाही, असे म्हणाले.

भार नव्याने दिले. बलून ७४.

१५ मार्च

धाकट्या भावाचा फोन. ठरलं का रे दादा, म्हणून विचारले. तक्ता वाचून दाखवला. सातव्या निकषावर त्याने मला थांबवले आणि म्हणाला, दादा, एवढा अभ्यास तू लग्नाच्या वेळी केला असतास तर वहिनी वाचली असती. मागून हिचा आवाज: अहो भावजी, अभ्यास माझा कमी पडला!

दोघेही बराच वेळ हसत होते. फोन माझ्या हातात होता.

१९ मार्च

बलून बाद. अनिच्छेने.

आता मूळ प्रश्न. मी तीस वर्षे द्रवगतिशास्त्र शिकवतो. पहिल्या तासाला प्रत्येक तुकडीला सांगतो: पाइप गळतो तो जोडावर. बायपासमध्ये जोड दोन: पिशवीला आतडे आणि आतड्याला आतडे. स्लीव्हमध्ये जोड नाही, पण कापलेली कड लांबलचक, आणि नळी अरुंद झाल्यामुळे आतला दाब वाढणार. म्हणजे गळती वरच्या टोकाला. दोन्हींचे गणित केले. दोन्ही गळतात.

सर्जन म्हणाले, गळतीचं प्रमाण शंभरात एखादं. त्या एकाचे नाव त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतर भूलतज्ज्ञ बाई. शांत, चष्म्यावरून पाहणाऱ्या. तुमची झोप अवघड आहे तेव्हा आम्ही जास्त लक्ष ठेवू, असे म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की शस्त्राला माझी हरकत नाही, परंतु शुद्ध गमावण्याला माझा तात्त्विक विरोध आहे. त्या म्हणाल्या, हो, बऱ्याच जणांचा असतो.

२० मार्च

वडील छप्पन्नाव्या वर्षी गेले. कार्यालयात, खुर्चीत, दुपारी. बांधा माझ्यासारखाच. मी पंचावन्न वर्षांचा आहे. या विधानांत कोणताही कार्यकारणसंबंध नाही.

२३ मार्च

ही दंतवैद्य आहे, त्यामुळे माणसाकडे पाहण्याची तिची दृष्टी मर्यादित आहे. आज जेवताना म्हणाली, माझ्या खुर्चीत बसून जे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात ना, त्यांचं तोंड उघडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. हे सर्वसामान्य निरीक्षण म्हणून ऐकून घेतले.

मग म्हणाली, तुम्ही उद्यापर्यंत ठरवा, नाहीतर मी नाणं उडवते. तिने खरोखर पर्समधून नाणे काढले होते.

२४ मार्च

ठरले. बायपास.

२५ मार्च, सकाळ

स्लीव्ह.

२५ मार्च, संध्याकाळ

सर्जनना कळवले की निर्णय अंतिम आहे, तो योग्य वेळी सांगेन. ते म्हणाले, सर, नऊ एप्रिलला टेबल बुक केलंय, तेवढं तरी अंतिम धरू ना?

आहारतज्ज्ञ मुलगी भेटली. शस्त्रक्रियेपूर्वी चौदा दिवस केवळ द्रव पदार्थ. कारण: यकृत जठरावर झाकणासारखे पसरलेले असते, ते उचलल्याशिवाय जठर हाती येत नाही, आणि माझ्यासारख्यांचे यकृत चरबीने फुगलेले असते. चौदा दिवसांत ते आक्रसते. छापील कागद दिला. त्यावर "द्रव" या संज्ञेची व्याख्या कोठेही नाही. तिला विचारले. ती म्हणाली, सर, जे प्यायला येतं ते.

उच्च शिक्षणाची ही अवस्था.

२६ मार्च

पथ्याचा पहिला दिवस. पातळ सूप, साय काढलेले दूध, पाणी. संकल्प: शब्दशः पालन.

२८ मार्च

शब्दशः पालन. डोके दुखते. भुलेखाली मृत्यूचे प्रमाण वाचले. अत्यल्प आहे. शून्य नाही. शून्य आणि अत्यल्प यांत जो फरक आहे, तो मी विद्यार्थ्यांना नेहमी दुर्लक्षिण्याजोगा म्हणून शिकवत आलो.

२९ मार्च

एक सैद्धांतिक मुद्दा. आइस्क्रीम खोलीच्या तापमानाला आणले, तर ते पात्राचा आकार घेते. म्हणजे ते द्रव आहे. पुरते वितळेपर्यंत थांबलो. मध्यंतरी भूलतज्ज्ञ बाईंचा चेहरा वारंवार डोळ्यांसमोर येत होता. मग प्यालो. ग्लासातून.

१ एप्रिल

कस्टर्ड. वाडगा तिरका करताच वाहते. चाचणी तीनदा केली. निष्कर्ष तिन्ही वेळा तोच.

३ एप्रिल

चॉकलेट शरीराच्या तापमानाखालीच वितळते. म्हणजे ज्या क्षणी ते शरीराचा भाग होते, त्या क्षणी ते द्रवच असते. पथ्याचा हेतू पोटातील अवस्थेशी आहे, कपाटातील नव्हे.

ही म्हणाली, फ्रीजमधलं आइस्क्रीम कुठं गेलं हो? मी म्हणालो, वितळले. असत्य बोललो नाही.

६ एप्रिल

रात्री श्वासाच्या मशीनचा मुखवटा लावून झोपतो, तेव्हा ही माझ्या छातीवर हात ठेवते. तिला वाटते मला कळत नाही. आज तिचा हात जड वाटला. उठून थोडे कंडेन्स्ड मिल्क घेतले. अर्थात द्रव.

८ एप्रिल

दाखल झालो. खोलीत दोन खाटा, पडदा हिरवा, खिडकीतून पार्किंग दिसते. वजन दीड किलोच उतरलेले. आहारतज्ज्ञ मुलीच्या कपाळावर आठी. सर, पथ्य नीट पाळलंत ना? मी म्हणालो, द्रवाखेरीज एकही पदार्थ मुखात घातलेला नाही. वाक्य इतके निर्दोष होते, की तिने मान डोलावली. ही माझ्याकडे पाहत राहिली.

अंतिम निर्णय: स्लीव्ह. संमतिपत्रावर सर्जननी बायपास लिहिले होते. सही केली. उद्या आत गेल्यावर दुरुस्ती सांगेन.

हिला घरी पाठवले. गेली नाही. जिन्यापाशी बाकावर बसली आहे.

९ एप्रिल, सकाळ

आत नेताना माणूस छतावरचे दिवे मोजतो म्हणे. मी मोजणार नाही. हात थंड आहेत; खोलीचे तापमान कमी ठेवले आहे, दुसरे कारण नाही. पेन परत द्यायला सांगत आहेत.

१० एप्रिल, सकाळ

जिवंत आहे.

१० एप्रिल, दुपार

आता तपशिलाने. काल आत नेल्यावर मी सर्जनना थांबवून स्लीव्हच्या बाजूचे माझे तीन मुद्दे मांडू लागलो. दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यात भूलतज्ज्ञ बाईंनी नाकावर मुखवटा ठेवला. पुढील चर्चा स्मरत नाही.

शुद्धीवर येताना ही हात धरून रडत होती. अहो, ऐका ना, असे काहीतरी सांगू लागली. आनंदाश्रू ओळखून मी तिला खुणेने गप्प केले. आज सकाळी पुन्हा सांगू लागली, तेव्हा म्हटले, नंतर. आधी मला निरीक्षणे नोंदवू दे.

निरीक्षणे. पोटावर पाच लहान पट्ट्या. भूक नाही. दोन चमचे पाण्यात तृप्ती. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी. आता कोणती, हा प्रश्न. भूक इतकी समूळ नाहीशी झाली आहे की हा बायपासच असला पाहिजे. सर्जनने माझे ऐकले नाही, पण त्याचे काम चांगले आहे. मोठ्या मनाने मान्य करतो.

शेजारच्या खाटेवर निवृत्त बँक मॅनेजर आहेत, पित्ताशय काढलेले. त्यांना माझ्या नव्या अंतर्रचनेची आकृती काढून दिली. ते थक्क झाले. म्हणाले, आमचं तर एक पिशवी काढली की झालं, तुम्ही तर आतलं सगळं प्लंबिंग बदलून आलात की राव! मी त्यांना वर्षभरातील अपेक्षित वजनाचा आलेखही काढून दिला. डिसेंबरमध्ये जिना न थांबता चढणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात, पाहू.

छप्पन्नावा वाढदिवस ऑगस्टमध्ये.

१० एप्रिल, संध्याकाळ

सर्जन आले. सोबत आहारतज्ज्ञ मुलगी. मी अभिनंदन करण्यासाठी हात पुढे केला. ते म्हणाले, सर, मॅडमनी सांगितलं ना तुम्हाला?

दुर्बीण आत घातली. समोर यकृत. वर यकृत, खाली यकृत. उचलायचा प्रयत्न केला, तर कडेने रक्त येऊ लागले. ते थांबवले आणि बाहेर आले. जठर दिसलेच नाही. काही कापले नाही, काही जोडले नाही. पाच भोके, पाच पट्ट्या. भूक भुलेमुळे गेली आहे, उद्यापर्यंत येईल.

मॅनेजरांनी भिंतीकडे कूस बदलली. सभ्य गृहस्थ.

सर्जननी विचारले, या चौदा दिवसांत काय काय घेतलंत? मी कस्टर्डच्या प्रवाहितेविषयी थोडक्यात सांगितले. आहारतज्ज्ञ मुलगी खुर्चीवर बसली. सर्जनचे हात प्रथमच स्थिर होते. म्हणाले, सहा आठवड्यांनी पुन्हा. तोवर हृदयाने साथ द्यायला हवी.

ते गेल्यावर मी हिला म्हणालो, मला वेळीच सांगायला हवे होतेस. तिने पट्ट्यांवरून पांघरूण सरळ केले. मग हळू आवाजात म्हणाली, मी बाहेर बाकावर बसले होते. तीन तास लागतील म्हणाले होते. दार अर्ध्या तासात उघडलं आणि डॉक्टर मुखवटा काढत बाहेर आले. एवढ्या लवकर दार उघडलं की बाहेर बसलेल्या माणसाला काय वाटतं, ते कुठल्या तक्त्यात बसतं का हो तुमच्या?

ती चहा प्यायला खाली गेली. कप घेऊन वर आली तेव्हा तो भरलेलाच होता.

१३ एप्रिल

घरी. सर्जनना पाठवावयाचा मसुदा.

महोदय,

आपल्या ता. ९ च्या अपूर्ण शस्त्रक्रियेसंदर्भात पुढील खुलासे आवश्यक आहेत.

१. यकृत "खूप मोठे" होते असे आपण म्हणालात. किती मोठे? मापाविना विशेषण मला मान्य नाही.

२. पुढील चौदा दिवसांत काय घ्यायचे, ते पदार्थांची नावे घालून कळवावे. माझी पत्नी ते पदार्थ स्वतःच्या हाताने मोजून देईल. कपाटाची किल्ली मी तिच्याकडे दिली आहे.

३. स्लीव्ह की बायपास, हे आपण ठरवावे. माझा तक्ता विचारात घेण्याची आवश्यकता नाही.

४. पुढील वेळी दार कितीही लवकर उघडले, तरी "ते ठीक आहेत" हे वाक्य आधी उच्चारावे, आणि मुखवटा नंतर काढावा.

५. दुसऱ्या खेपेस आत नेताना भीती कमी असते काय? प्रश्न केवळ माहितीसाठी आहे.

सर्व मुद्द्यांवर सात दिवसांच्या आत उत्तर अपेक्षित आहे. पाचव्या मुद्द्यावर शक्य असल्यास आधी. फोन करू नये, भेटीत सांगू नये. त्या इमारतीत तोंडी सांगितलेले मला नीट ऐकू येत नाही. उत्तर लेखीच द्यावे.